आपलं लिहिलेलं आपल्या कब्जात आणायचं कसं : आधी फाईली, मग नाव, वेबसाईट शेवटी

तालुक्याच्या ठिकाणी माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, आणि अधनंमधनं कोणी ना कोणी येतंच की भाऊ, मले वेबसाईट बनवून द्या. एक जण वऱ्हाडी कविता लिहितो. एक वरूडकडचा संत्रावाला आहे, आंबिया बहार कधी फुटला, ताण कधी तोडला, कोळशीवर काय फवारलं, हे सगळं तो पाच-सहा वर्षांपासून फेसबुकवर टाकत आलाय. एकाकडे झाडीपट्टीच्या नाटकांचे फोटो आहेत, वडसा-देसाईगंजकडचे, दर हंगामातले. चुकतं मात्र सगळ्यांचं एकाच जागी. आधी वेबसाईट बनवतात, वर फिरणारे फोटो, खाली 'आमच्याविषयी', आणि मजकूर कुठाय म्हटलं तर फेसबुकात, ग्रुपात, नाहीतर गेल्या पावसाळ्यात भिजलेल्या फोनात. वर्षभरानं साईट बंद पडते, मजकूर होता तिथंच राहतो.

फेसबुकवर टाकलेली कविता कायद्यानं तुमचीच राहते, तुम्ही त्यांना फक्त वापरायची परवानगी दिलेली असते. म्हणजे सातबारा तुमच्या नावावर पण कब्जा दुसऱ्याचा, आणि अशा वावराचं काय होतं ते आपल्याकडे कोणाला शिकवायची गरज नाही. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला बंद झालं तेव्हा निदान आधी सांगितलं तरी होतं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा कोणाला सामान काढायलाही वेळ मिळाला नाही.

तर हा लेख कब्जाचा आहे. क्रम असा : मजकूर घरी आणा, साफ करा, नाव घ्या, जागा घ्या, नाव जागेला जोडा, मग वाटा, मग प्रती ठेवा. हा क्रम उलटा केला तर काम दुप्पट होतं, मी स्वतः केलाय म्हणून सांगतो.

## तयारी : काय काय जवळ पाहिजे

एक लॅपटॉप, जुना असला तरी चालतो. बाहेरच्या दोन हार्डडिस्क, एक घरी आणि एक टप्पा ७ साठी दुसऱ्या गावी ठेवायला. पेनड्राइव्हवर भिस्त नको, बाजारात ६४ जीबी छापलेले असे मिळतात की ज्यात खरी जागा त्याच्या पावभरही नसते, आणि भरल्यावर फाईल दिसते पण उघडत नाही. एक कागदाची वही. स्वतःचा ईमेल, ज्याचा पासवर्ड तुम्हालाच माहीत आहे. स्वतःच्या नावावरचं सिम. आणि दोन-तीन रविवार, कारण हे एका बैठकीत होत नाही, उन्हाळ्यात तर दुपारी लाईनच राहत नाही. मोठं डाउनलोड रात्री अकराच्या पुढं लावा, तेव्हा टॉवरवर गर्दी कमी असते.

सावधान : सेवा केंद्राच्या, कॅफेच्या किंवा माझ्यासारख्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर हे करू नका. ब्राउझर विचारतो पासवर्ड सेव्ह करू का, माणूस घाईत हो म्हणतो, आणि पुढच्या गिऱ्हाईकाला तुमचं फेसबुक उघडं मिळतं. दर आठवड्याला एकदोघांचं मीच लॉगआऊट करत असतो.

वहीत आज एक पान भरा : मी कुठं कुठं लिहिलंय? फेसबुक प्रोफाइल, फेसबुक पेज, ग्रुप, इन्स्टाग्राम, यूट्यूब, जुना ब्लॉग, व्हॉट्सॲप, छापलेला दिवाळी अंक, डीटीपीवाल्याकडची फाईल. प्रत्येकापुढं लॉगिन कोणता नंबर, कोणता ईमेल ते लिहा. हे पान नसेल तर टप्पा १ मध्ये निम्मं राहून जातं.

## टप्पा १ : सगळं घरी आणा

फेसबुकपासून सुरू करा, कारण बहुतेकांचा सगळ्यात मोठा ढीग तिथंच असतो. सेटिंगमध्ये तुमची माहिती डाउनलोड किंवा एक्स्पोर्ट करायचा पर्याय आहे, त्याचं नाव आणि जागा ते बदलत राहतात, सेटिंगच्या सर्चमध्ये 'डाउनलोड' टाका, सापडतो. तिथं तीन गोष्टी बघितल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.

पहिली, तारखा. आपोआप आलेली मुदत तशीच ठेवू नका, 'सुरुवातीपासून सगळं' निवडा. नाहीतर मागचं एखादं वर्ष येतं आणि माणूस समजतो सगळं आलं.

दुसरी, फोटोची क्वालिटी. हाय करा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, फॉरमॅट. तिथं एचटीएमएल आणि जेसन असे दोन पर्याय असतात. तुम्ही मराठीत लिहिता ना, मग एचटीएमएल घ्या. फेसबुकच्या जेसनमध्ये इंग्रजी सोडून बाकी लिप्यांची अक्षरं चुकीच्या पद्धतीनं लिहिलेली येतात, फाईल उघडली की 'म' च्या जागी फ्रेंचसारखी दिसणारी तीन विचित्र चिन्हं. मजकूर मेलेला नसतो, प्रोग्रामिंग येणारा माणूस तो उलटवून देतो, पण तुम्हाला तो खटाटोप कशाला.

फाईल तयार व्हायला काही तास ते एखाद-दोन दिवस लागतात, मग लिंक येते. ती लिंक थोडे दिवसच चालते. म्हणून लग्नसराईत किंवा सोयाबीनच्या काढणीत हे मागवू नका, लिंक मरते आणि परत रांगेत उभं राहावं लागतं.

दोन गोष्टी यात येत नाहीत : तुमच्या पोस्टवर दुसऱ्यांनी केलेल्या कमेंट, आणि तुम्ही चालवत असलेलं पेज. पेजचं डाउनलोड वेगळं, पेजवर जाऊन मागवायचं. कमेंटमध्ये एखाद्या म्हाताऱ्या माणसानं मोलाचं काही लिहिलं असेल, तर त्याला विचारून हातानं कॉपी करून ठेवा. संत्रावाल्याच्या एका पोस्टखाली संत्र्याच्या डिंक्या रोगावर जुन्या बागायतदारांनी जी चर्चा केली होती ती मूळ पोस्टपेक्षा कामाची होती, ती आम्ही एका संध्याकाळी बसून उतरवून घेतली.

गूगलचं सगळं टेकआउट नावाच्या त्यांच्याच पानावरनं उतरवता येतं, ड्राइव्ह, फोटो, यूट्यूबवरचे तुमचे व्हिडिओ. आधी सगळ्या टिका काढणारं बटण ('डिसिलेक्ट ऑल') दाबा आणि मग पाहिजे तेवढंच निवडा, नाहीतर पन्नास गोष्टींचा डोंगर येतो. मोठा डेटा असला की तो तुकड्या-तुकड्यात येतो, साधारण २ जीबीचा एकेक तुकडा ठेवा. गावातल्या नेटवर ५० जीबीचा एकच तुकडा कधीच पूर्ण उतरत नाही.

जुना ब्लॉग असेल, ब्लॉगर असो का वर्डप्रेस, त्याच्या बॅकअपची एक एक्सएमएल फाईल मिळते. इथं लई जण फसतात. त्या फाईलीत लेख असतात, फोटो नसतात, फोटोचे फक्त पत्ते असतात. ब्लॉग बंद केला की फोटोही गेले. फोटो वेगळे उतरवा.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपातनं चॅट एक्स्पोर्ट होतं, पण मर्यादा आहे, फोटोसकट घेतलं तर शेवटचे १०,००० मेसेज आणि फोटोशिवाय ४०,०००. गावाच्या ग्रुपात दिवसाला शंभर गुड मॉर्निंग पडतात, तिथं दहा हजार म्हणजे तीनेक महिने. त्यामुळं आधी फोटोशिवाय घ्या, म्हणजे जुनं येईल, मग फोटोसकट. आणि हो, ग्रुपात तुम्ही लिहिलेलं तेवढं तुमचं, बाकीच्यांचं उचलून साईटवर टाकायचं नाही.

तपासा : प्रत्येक झिप फाईल उघडून आत बघा. सगळ्यात जुनी पोस्ट कोणत्या वर्षाची आहे? पाच फोटो मधूनच उघडा. मराठी नीट दिसतं का? हे तीन प्रश्न सुटले की वहीत टीक करा. आणि फेसबुकचं अकाउंट डिलीट करू नका, रागाच्या भरात तर मुळीच नाही. ते लागणार आहे, टप्पा ६ ला.

## टप्पा २ : साफसफाई

हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा, आणि याच्यावरच पुढचं सगळं उभं असतं. हार्डडिस्कवर दोन फोल्डर करा, 'मूळ' आणि 'साफ'. मूळला हात लावायचा नाही, जसं उतरलं तसंच ठेवायचं. साफमध्ये वर्षाप्रमाणं फोल्डर, आणि एक लेख म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल. वर्डची नको, पेजमेकरची तर नकोच. साधा टेक्स्ट वीस वर्षांनी कोणत्याही मशीनवर उघडेल.

प्रत्येक फाईलीच्या वर तीन ओळी : शीर्षक, मूळ तारीख, पहिल्यांदा कुठं टाकलं होतं. तारीख टाकायचा कंटाळा करू नका. आंबिया यंदा पंधरा दिवस उशिरा फुटला असं लिहिलंय आणि वर्षच माहीत नाही, मग त्या नोंदीचं करायचं काय.

फाईलच्या नावाबद्दल आता नीट ऐका, कारण इथं मराठी माणसाचं हमखास अडतं. नाव इंग्रजी लहान अक्षरात, शब्दांच्या मधे आडवी रेघ, जागा सोडायची नाही, आकडे इंग्रजी. याला तीन कारणं आहेत. एक, मराठी नावाची लिंक कुठं पेस्ट केली की तिचं टक्क्याच्या खुणांचं गाठोडं होतं, देवनागरीच्या एकेका चिन्हाची नऊ इंग्रजी चिन्हं बनतात, नुसत्या 'मृग' ची सत्तावीस, आणि अशी लिंक पाहून माणसाला वाटतं व्हायरस आहे. दोन, तारखेचे आकडे देवनागरीत लिहिले तर जेकिलसारखा साईट बनवणारा प्रोग्राम त्याला तारीखच समजत नाही, पोस्ट दिसत नाही आणि काय चुकलं ते सांगतही नाही. तीन, विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच वाटतं पण सर्व्हरला नाही. लॅपटॉपवर फोटो दिसतो, साईटवर गायब, बघावं तर नावात एक अक्षर मोठं.

जुनं डीटीपी केलेलं असेल तर अजून एक अडचण. श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमधला मजकूर हा खरा मराठी मजकूर नसतोच, आत इंग्रजी अक्षरं असतात आणि वरनं फॉन्ट मराठी दाखवतो. ओळखायचं कसं, तर मजकूर निवडा आणि दुसरा कोणताही फॉन्ट लावा. कचरा दिसला तर तो युनिकोड, म्हणजे कोणत्याही मशीनला मराठी म्हणून कळणारा मजकूर, नाही. बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, पण बदलल्यावर डोळ्यांनी वाचाच, पहिली वेलांटी एक अक्षर पुढं-मागं सरकते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो.

आणि 'ऱ्ह' बघा. आपलं तर नावच वऱ्हाड. हे 'ऱ्ह' कॉम्प्युटरमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतं, एकात नुक्तावाला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र आणि मधे एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, सर्चला मात्र वेगळे. कवितावाल्या भाऊच्या फाईलीत वऱ्हाड शोधलं तर निम्म्याच कविता सापडत होत्या, आम्ही अख्खी दुपार डोकं खाजवत बसलो. उपाय सोपा, सगळ्या फाईलींमध्ये एकदाच फाइंड-रिप्लेस करून एकच पद्धत ठेवा.

बोलीत लिहिणाऱ्यांनी परत टाइप करताना कीबोर्डची आपोआप दुरुस्ती बंद करा. 'काहून' चं 'कारण' होतं, 'पाह्यलं' चं 'पाहिलं', आणि चार कडव्यांनंतर कविता पुण्याला पोचलेली असते.

नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ आहे का बघा. जुन्या विंडोजवर तिथं एएनएसआय असायचं, त्यात सेव्ह केलं की सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसते, आणि ती मात्र कोणालाही परत आणता येत नाहीत.

फोटो. फोनचा फोटो ३-४ एमबीचा असतो, मूळ तसाच ठेवा, साईटसाठी वेगळी प्रत १२०० पिक्सेल रुंद करा, दीडदोनशे केबीत बसते. आपला वाचक मोबाईल डेटावर, एका कांडीवर बसलेला असतो. दुसरं म्हणजे फोटोच्या पोटात लोकेशन दडलेलं असतं, घर कुठं, विहिरीवरची मोटर कुठं, सगळं. ते काढून टाका, विंडोजमध्ये फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये तसा पर्याय आहे.

तपासा : दहा फाईली कोणत्याही उचला, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडा. मराठी नीट, तारीख आहे, फोटो सापडतो? मग पुढं. नाही तर परत.

## टप्पा ३ : नाव घ्या, आणि आपल्याच नावावर

डोमेन म्हणजे तुमचा पत्ता. फुकटात मिळणारा पत्ता, ज्याच्या शेवटी कंपनीचं नाव असतं, तो भाड्याच्या खोलीसारखा. डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या. मराठीतलं डॉट भारतही मिळतं, दिसायला छान, पण मघाशी सांगितलेली टक्क्यांच्या गाठोड्यासारखीच गत तिथंही होते, काही ठिकाणी ते विचित्र इंग्रजी अक्षरांत दिसतं. हौस असेल तर जोडीला घ्या, मुख्य नको.

आता सगळ्यात महागडी चूक. आमच्याकडच्या एका बचत गटाची साईट एका पोरानं बनवून दिली, चांगली बनवली, डोमेन मात्र स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पोरगा नोकरीला बाहेर गेला, नंबर बदलला, नूतनीकरणाचा मेल त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिला. नाव सुटलं आणि दुसऱ्या कोणी उचललं. लोणच्याच्या बरणीवर छापलेला पत्ता उघडला की आता भलतंच काहीतरी दिसतं, आणि दोन हजार लेबलं घरी पडून आहेत. पोराची नियत खराब नव्हती. कागद त्याच्या नावावर होता, एवढंच.

म्हणून बनवून कोणीही देवो, रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं, अकाउंट तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या फोनवर, पैसे तुमच्या खात्यातनं. आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको, डोमेन सुटलं की ईमेलही बंद, मग सोडवायचा मेल येणार कुठं.

पैसे भरण्याआधी दुसऱ्या वर्षाचा भाव बघा. पहिल्या वर्षी बियाण्याच्या कंपनीसारखी स्कीम असते, खरा भाव नूतनीकरणाला कळतो. जमत असेल तर दोन-तीन वर्षांचं एकदम भरा, दहा वर्षांपर्यंत भरता येतं. सोबत चिकटवलेलं बाकी सामान, लोगो, एसईओ पॅकेज, ते सगळं काढून टाका.

डॉट कॉम घेतलं की एक मेल येतो, ईमेल पडताळणीचा. १५ दिवसांत त्यातली लिंक दाबली नाही तर डोमेन बंद पाडतात. लोक त्याला जाहिरात समजून सोडून देतात, स्पॅमपण बघा.

दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा आणि त्यांचे बॅकअप कोड कागदावर छापून घ्या. फक्त ओटीपीच्या भरवशावर राहू नका. रिचार्ज न केलेलं सिम बंद होतं आणि तो नंबर पुढं दुसऱ्याच माणसाला मिळतो. तो कागद, रजिस्ट्रारचं नाव, संपायची तारीख, हे सगळं सातबारा-पासबुकाच्या पिशवीत ठेवा आणि घरातल्या एका तरी माणसाला दाखवा. डॉट कॉमची मुदत उलटली तरी सोडवायला काही दिवस मिळतात, पण शेवटच्या ३० दिवसांच्या मुदतीत दंडासारखी रक्कम लागते, आणि त्यानंतर नाव मोकळं.

तपासा : रजिस्ट्रारच्या अकाउंटमध्ये मालक म्हणून कोणाचं नाव आहे? ट्रान्सफरचा कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागतो तो, तुम्हाला काढता येतो का? येत असेल तर नाव तुमचं. तिथं जाऊन एकदा कोड कुठं मिळतो ते बघूनच या.

## टप्पा ४ : जागा घ्या

लेख, कविता, फोटो एवढंच असेल तर वर्डप्रेस स्वतः चालवायच्या भानगडीत पडू नका. ते वाईट नाही, पण त्याला दर महिन्याला अपडेट लागतात, प्लगइन जुनी झाली की कोणीतरी घुसतो आणि तुमच्या कवितांच्या खाली औषधांच्या जाहिराती उगवतात. साध्या फाईलींची साईट घ्या, स्टॅटिक म्हणतात तिला. तिच्यात फोडायला काही नसतं.

फुकट जागा बऱ्याच आहेत, गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय, कोडबर्ग. मी नवीन माणसाला गिटहब सांगतो कारण ते ब्राउझरमधनंच चालवता येतं, लॅपटॉप नसेल तर फोनवरनंही फाईल जोडता येते.

अ) अकाउंट काढा, नवीन रिपॉझिटरी, म्हणजे साईटच्या फाईलींचा फोल्डर, करा. फुकटच्या अकाउंटवर ती पब्लिक ठेवावी लागते. म्हणजे आत टाकलेलं कच्चं लिखाण, फोन नंबर, सगळं जगाला दिसतं, आणि डिलीट केलं तरी जुन्या इतिहासात राहतं. तिथं तेच टाका जे चौकात वाचून दाखवायला लाज वाटणार नाही.

आ) सेटिंगमध्ये पेजेस चालू करा. आत जेकिल असतं, ते साध्या टेक्स्टची वेबपानं करून देतं. लेखाच्या वर तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये शीर्षक आणि तारीख टाकायची. टप्पा २ मध्ये केलेल्या तीन ओळी इथं कामी येतात, बघा.

इ) आधी पाच लेख टाका. पाचशे नाही. पाच टाका, फोनवर बघा, अक्षरं बारीक आहेत का, ओळींत अंतर आहे का. मराठीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीपेक्षा जास्तच लागतं, इंग्रजी टेम्पलेट तसंच वापरलं की वेलांट्या एकमेकींच्या अंगावर येतात.

ई) मग बाकीचे, वर्षावार.

एक फाईल ब्राउझरमधनं २५ एमबीपर्यंतच चढते आणि अख्खी साईट १ जीबीच्या आत ठेवायची असते. मजकुराला हे आयुष्यभर पुरतं. व्हिडिओ मात्र स्वतःच्या साईटवर ठेवू नका, इथं मी तत्त्व बाजूला ठेवतो. मूळ व्हिडिओ हार्डडिस्कवर, दाखवायची प्रत यूट्यूबवर, साईटवर त्याची लिंक आणि खाली व्हिडिओत काय बोललंय ते चार ओळींत. उद्या यूट्यूबनं काढलाच तर चार ओळी तरी राहतात, आणि मूळ तर आहेच.

## टप्पा ५ : नाव जागेला जोडा

इथंही क्रम आहे. आधी गिटहबच्या सेटिंगमध्ये तुमचं डोमेन लिहा आणि ते पडताळून घ्या, त्यासाठी गिटहब देतो तो एक टीएक्सटी रेकॉर्ड तेवढा रजिस्ट्रारकडे डीएनएसमध्ये (नाव कोणत्या जागेकडे न्यायचं ते सांगणाऱ्या यादीत) टाकावा लागतो, आणि नंतरच तिथले बाकीचे रेकॉर्ड बदला. उलटं केलं तर मधल्या वेळात तुमचं नाव रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतं आणि तिसराच माणूस तिथं आपलं दुकान मांडू शकतो.

डीएनएसमध्ये रजिस्ट्रारनं आधीच टाकलेला जाहिरातीच्या पानाचा ए रेकॉर्ड काढा, होस्टनं, म्हणजे जागा देणाऱ्या गिटहबनं, सांगितलेले टाका, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम नावाचा रेकॉर्ड टाका. आकडे होस्टच्या मदतीच्या पानावरनं कॉपी करा, कुठल्या व्हिडिओत बघून टाइप करू नका. एमएक्स नावाच्या रेकॉर्डला हात नाही, तो ईमेलचा.

बदल पसरायला काही मिनिटं ते दोन दिवस लागू शकतात. या दोन दिवसांत लोक घाबरून दर तासाला काहीतरी बदलत बसतात आणि मग नेमकं काय चुकलं ते त्यांनाही कळत नाही. बदल केला, वहीत लिहिला, झोपायला जा.

सकाळी उठून एचटीटीपीएस सक्तीचं करायची टीक करा. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, होस्ट स्वतःच लावतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

तपासा : दुसऱ्याच्या फोनवर, वायफाय बंद करून, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता, दोन्ही उघडतं का.

## टप्पा ६ : आता वाटा, पण उलट्या दिशेनं

आजपासून लिहायचं ते आधी आपल्या साईटवर, मग तिथनं फेसबुक, व्हॉट्सॲप, जिथं लोक आहेत तिथं. इंडीवेबवाले लोक याला पॉसी म्हणतात, आधी स्वतःच्या घरी छापा, मग बाहेर वाटा. आपल्या भाषेत, माल आधी कोठ्यात, मग बाजारात.

नुसती लिंक टाकू नका. गावाकडे लिंक कोणी उघडत नाही, फसवणुकीच्या मेसेजनी लोक इतके पोळलेत की ते बरोबरच करतात. पूर्ण मजकूर चिकटवा आणि शेवटी पत्ता. ग्रुपात फॉरवर्ड होताना पत्ताही सोबत जातो, आणि 'कवी अज्ञात' होण्यापासून कविता थोडीफार वाचते.

लिंकसोबत व्हॉट्सॲपमध्ये शीर्षक आणि फोटो दिसायला पाहिजे असेल तर टेम्पलेटमध्ये ओजी टॅग, म्हणजे लिंकसोबत काय दाखवायचं ते सांगणाऱ्या ओळी, भरा, फोटोचा पत्ता पूर्ण, एचटीटीपीएसपासून सुरू होणारा. अर्धा दिला की फोटो येत नाही.

आरएसएस फीड, म्हणजे नवीन लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप दिसायची सोय, चालू करा, जेकिलला त्याचं तयार प्लगइन आहे, एक ओळ टाकली की झालं. आज ते वापरणारे तुमच्या गावात दोनच असतील, पण ते दोघं कोणत्याही कंपनीला न विचारता तुमचं लिखाण वाचू शकतात.

मास्टोडॉन, ब्लूस्काय ही लोकांनी पोस्टी टाकायची नवी ठिकाणं नंतर बघा, ज्यांना आवड आहे त्यांनी. मास्टोडॉनवर प्रोफाइलमध्ये साईट टाकून साईटवरनं प्रोफाइलकडे 'रेल मी' ची लिंक दिली की हिरवी खूण मिळते, ब्लूस्कायवर तर डोमेनच तुमचं नाव म्हणून लावता येतं. पण एक ध्यानात ठेवा, मास्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्टी येत नाहीत. म्हणजे तिथंही लिखाणाची मूळ प्रत ठेवायची नाहीच. आणि स्वतःचा मास्टोडॉन सर्व्हर चालवायचं खूळ पहिल्या वर्षी डोक्यात घेऊ नका राजेहो, ते म्हैस पाळण्यासारखं आहे, रोज दोन वेळा बघावं लागतं.

सावधान : एकदा प्रसिद्ध केलेल्या लेखाचा पत्ता बदलू नका. उद्या होस्ट बदला, डिझाइन बदला, पण पत्ता तोच. लोकांनी वहीत लिहून ठेवलेला असतो.

## टप्पा ७ : प्रती

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. लॅपटॉपवर एक, हार्डडिस्कवर एक, आणि एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे, नागपूरला शिकणाऱ्या पोराकडे, कुठंही. साईटवर आहे ती प्रत यात धरू नका, कारण 'मूळ' फोल्डर तिथं नसतो. टिनाखालच्या खोलीत मे महिन्यात हार्डडिस्क ठेवू नका. वीज कडकडायला लागली की लॅपटॉपची पिन काढा, मी एकदा नाही काढली, ॲडॉप्टर आणि डिस्क दोन्ही एकाच रात्री गेलं.

महत्त्वाची पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून जतन करा, फुकट आहे. पण ते सार्वजनिक आहे, नंतर लेख मागं घ्यायची शक्यता असेल तर थांबा.

मी वर्षातनं दोनदा हे काम करतो, संक्रांतीला आणि तान्ह्या पोळ्याला. त्या दिवशी डोमेनची संपायची तारीखही बघतो. आणि त्याच दिवशी शेवटची तपासणी : बहिणीकडची हार्डडिस्क तिच्याच शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरला लावायची, नेट बंद करायचं, आणि २०१९ चा एखादा लेख फोटोसकट उघडायचा. उघडला तर परत गुंडाळून ठेवा. नाही उघडला तर टप्पा १ पासून, कारण प्रत होती असं नुसतं तुम्हाला वाटत होतं.